सुइटमध्ये झोप लागत नाही? आधी आवाजाला नाव द्या

पहाटे पाच पन्नासला भाचीचा मेसेज आला. "मामा, जागे आहात? वर कोणीतरी फर्निचर ओढतंय. कालही याच वेळेला."

ताई आणि भावोजींच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून तिने दोघांना क्रूझवर नेलं होतं. बॅलार्ड पिअरहून सुटणारी बोट, वरच्या डेकवरचा सुइट, बाल्कनी, बाथटब, दिमतीला बटलर. ताईची झोप आधीच सावध. दोन रात्रींत तिची धड चार तासही झोप झाली नव्हती. भाचीने रिसेप्शनला दोनदा फोन करून 'खूप नॉइज आहे' असं सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा खोलीत कानात घालायचे बोळे येऊन पडले होते.

मी तिला विचारलं, "आवाज कसला आहे? करकर, घरघर, धडधड, की काही खरडल्यासारखा?"

थोड्या वेळाने उत्तर आलं. "खरडल्यासारखा. थांबून थांबून. डावीकडून सुरू होतो आणि उजवीकडे सरकत जातो."

"मग तुमच्या डोक्यावर पूल डेक, म्हणजे पोहण्याच्या तलावाचा मजला, आहे. माणसं डेक धुऊन खुर्च्या मांडतायत."

माझी सगळी नोकरी बोटीवर, इंजिन रूममध्ये गेली. शेवटची काही वर्षं प्रवासी बोटींवर होतो. आता मुलुंडला घरी असतो, आणि दर हंगामात, म्हणजे पावसाळा संपून बोटी सुटायला लागल्या की, ओळखीपाळखीतून असे दोन-चार फोन येतातच. तक्रार एकच: एवढे पैसे मोजून सुइट घेतला आणि झोप नाही. 'नॉइज' या एका शब्दावर बोटीवरचं कोणीच काही करू शकत नाही, कारण बोटीवर पन्नास प्रकारचे आवाज असतात आणि प्रत्येकाचा मालक वेगळा. आपल्या भाषेत मात्र प्रत्येक आवाजाला वेगळा शब्द आहे. आवाजाचं नाव आणि घड्याळातली वेळ या दोन गोष्टी नक्की केल्या की अर्धं निदान झालंच.

महागड्या खोलीत आवाज जास्त का जाणवतो

केबिनच्या भिंतीवर टकटक करून बघा. पत्रा वाजेल. दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये दगडी लोकर दाबून बसवलेली असते, तीच भिंत. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतीतली नऊ इंची विटांची भिंत साधारण ५० डेसिबल अडवते. बोटीवर तसली भिंत बांधता येत नाही. वरच्या मजल्यांवर एवढं वजन चढवलं तर बोटीचा तोल बिघडतो. म्हणून हलकं पॅनल.

ते किती अडवतं याचा अंदाज येण्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची आवाजाबद्दलची संहिता बघा. १ जुलै २०१४ पासून ती नव्या बोटींना लागू आहे. ती बोटीवर काम करणाऱ्यांच्या जागांसाठी आहे, पण आकडे बोलके आहेत. दोन केबिनमधल्या भिंतीने निदान ३५ डेसिबल अडवावेत. मध्ये जोडदार, म्हणजे दोन केबिनना जोडणारं दार, असेल तर ३० चालतात. कॉरिडॉर आणि केबिन यांच्यातही ३०. केबिनला लागून करमणुकीची जागा असेल तर मात्र ४५ हवेत. साधं बोलणं मीटरभर अंतरावर ६० डेसिबलच्या आसपास असतं. त्यातून ३० वजा केले तर उरलेले ३० रात्रीच्या शांत खोलीत कानावर येतात. प्रवाशांचे सुइट सहसा यापेक्षा चांगले बांधतात. तरी पत्र्याची वीट होत नाही.

दुसरं कारण लोकांना पटत नाही, पण ते खरं आहे. स्वस्त, आतल्या केबिनमध्ये एसीचा एकसारखा आवाज असतो आणि बाकीचे बारीक आवाज त्यात बुडून जातात. सुइटचा एसी मुद्दाम शांत ठेवलेला असतो, त्यामुळे शेजारच्याच्या खोकल्यापासून हँगरच्या किणकिणीपर्यंत सगळं उठून ऐकू येतं. आपण मुंबईकर रुळांलगतच्या घरांत वाढलेले, पंखा फिरत नसेल तर जागे होणारे. एकदम शांत खोलीत एखादाच आवाज आला तर झोपमोड ठरलेली.

तिसरं कारण जागा. सुइट बहुतेक वेळा वरच्या डेकवर असतो, कारण देखावा तिथून. आणि पूल, बार, धावण्याचा ट्रॅकही तिथेच, त्याच्याच डोक्यावर. नाहीतर सुइट अगदी मागे, पाण्याची पांढरी रेघ दिसावी म्हणून, बरोब्बर बोट ढकलणाऱ्या पंख्यांच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, वर.

खरडण्याचा आवाज

सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच. पहाटे पाच ते सात आणि रात्री अकरानंतर, डोक्यावरून, सरकत जाणारा. यावर इलाज आहे, आणि तो रिसेप्शनकडे नसून डेकवरच्या माणसांच्या सुपरवायझरकडे आहे. भाचीला मी सांगितलं की 'नॉइज' हा शब्दच काढू नकोस. असं सांग: आमचा केबिन नंबर हा, वर पूल डेकचा हा भाग, पाच पन्नास ते सहा वीस, खुर्च्या ओढल्या जातात. उद्या त्या उचलून ठेवता येतील का, किंवा आमच्या डोक्यावरचा भाग शेवटी, सातनंतर घेता येईल का? शक्य असेल तर उद्या पावणेसहाला कोणीतरी आमच्या खोलीत येऊन उभं राहा आणि ऐका.

हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. वर खुर्ची ओढणाऱ्याला खाली काय ऐकू जातं याची कल्पनाच नसते. खुर्चीचा पाय लोखंडी डेकला घासतो, कंपनं थेट लोखंडातून खाली येतात, आणि तुमचं छत त्याचा ढोल करतं. हवेतून आलेला आवाज भिंत अडवते, लोखंडातून आलेला अडत नाही. कानातल्या बोळ्यांचाही इथे फारसा उपयोग नाही, कारण उशीतून आणि पलंगातून तो अंगाला जाणवतो.

करकर

ही दोन नंबरची, आणि माझ्या मते सर्वांत सोपी. समुद्र थोडा जरी हलत असला तरी तीनशे मीटरची बोट लाटेवर अगदी किंचित वाकते आणि सरळ होते. वाकायलाच हवी, नाहीतर तडकेल. आतल्या केबिन मात्र बहुतेक वेळा कारखान्यात तयार करून, पेटीसारख्या आत सरकवलेल्या असतात. बोट वाकली की पॅनलचे सांधे एकमेकांना घासतात आणि करकर सुरू होते. लाटेच्या तालावर येते, बंदरात थांबते. ही खूण लक्षात ठेवा.

शोधायची रीत अशी. दिवे घालवा आणि उघडा तळहात भिंतीवर ठेवून, दाबत दाबत पुढे सरका. छताजवळची पट्टी, कपाटाची कड, पलंगाची डोक्याकडची फळी, आरशाची चौकट. ज्या जागी दाबल्यावर आवाज थांबेल, ती जागा सापडली. पन्नास टक्के वेळा ते कपाटाचं दार किंवा खण निघतो, आणि व्हिजिटिंग कार्डाची घडी करून फटीत खोचली की काम झालं. रिकामे हँगर एकमेकांना लागून किणकिणत असतील तर त्यांच्यामध्ये मोजे अडकवा. पॅनलचा सांधा असेल तर स्वतः काही कोंबू नका. तिथे रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि स्टुअर्डला, म्हणजे खोलीची व्यवस्था बघणाऱ्या माणसाला, सांगा. देखभालीची माणसं पाचर मारून दहा मिनिटांत बंद करतात, त्यांचं ते रोजचं काम आहे. छतावरच्या स्प्रिंकलरला किंवा धुराच्या सेन्सरला मात्र हातही लावायचा नाही, त्यावर काही टांगायचंही नाही.

घरघर आणि खडखडाट

पहाटे बंदरात शिरताना पुढच्या भागात जोराची घरघर आणि पलंगाला थरथर जाणवली तर ते बो थ्रस्टर. बोट धक्क्याला आडवी सरकवण्यासाठी नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, खालच्या अंगाला आरपार बोगद्यात बसवलेले पंखे असतात. वीस-पंचवीस मिनिटं चालतात आणि बोट लागली की बंद. मुंबईत परतताना हे जवळपास ठरलेलंच. याला उपाय नाही. आदल्या रात्री कार्यक्रमपत्रिकेत पोचायची वेळ बघून ठेवायची, म्हणजे दचकायला होत नाही.

खडखडाट, कानठळ्या बसवणारा, आणि तो पुढून येत असेल तर नांगराची साखळी. लक्षद्वीपला मोठी क्रूझ बोट सहसा धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकते आणि माणसांना लहान होड्यांतून नेतात. साखळीची एक शॅकल म्हणजे २७.५ मीटर, आणि अशा कित्येक शॅकल पाण्यात सुटतात. पुढच्या, खालच्या डेकवरच्या माणसाला ती उशाशीच ऐकू येते. लक्षद्वीपची फेरी असेल तर पुढच्या टोकाची केबिन घेऊ नका, सुइट असला तरी.

धुक्यात लांब भोंगा वाजतो. नियमाप्रमाणे चालत्या बोटीने दोन मिनिटांच्या आत एकदा, चार ते सहा सेकंद वाजवायचाच असतो. त्याबद्दल तक्रार करू नका. तो तुमच्यासाठीच वाजतोय.

धडधड

दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लोक धडधड म्हणतात. रात्री बाराला संपणारी धडधड ही खालच्या थिएटरची किंवा डिस्कोची. त्यातला फक्त ठेका वर येतो, गाणं ओळखू येत नाही. स्पीकर जमिनीवर ठेवला असेल तर रबराच्या जाड पॅडवर ठेवायला सांगता येतं, ठेका उतरवायला सांगता येतो. विनंती केली तर अनेकदा करतात.

दुसरी धडधड रात्रभर असते, बोटीच्या मागच्या भागात, आणि पाण्याच्या ग्लासात वर्तुळं उठतात. ती पंख्यांची. हा दोष नवा नाही. १९३५ साली फ्रेंचांची 'नॉर्मंडी' निघाली, त्या काळातली सर्वांत दिमाखदार बोट, आणि तिचा मागचा भाग इतका थरथरायचा की तिथे बसणं कठीण होतं. शेवटी तीन पात्यांचे पंखे काढून चार पात्यांचे बसवले तेव्हा थरथर आटोक्यात आली. पुढे पंख्याला फिरवणारी विजेची मोटरच बोटीच्या पोटाबाहेर, फिरत्या पॉडमध्ये नेली. प्रवासी क्रूझमध्ये १९९८ च्या 'इलेशन'वर ती पहिल्यांदा आली. २००४ साली सेवेत आलेल्या 'क्वीन मेरी २' ला चार पॉड आहेत, त्यांतले दोन फिरते. पॉडच्या बोटी मागे बऱ्याच शांत असतात, पण बंदरात वळताना तिथेही गदगदतं.

समुद्रात असताना ही धडधड एका ठराविक वेगालाच जोर धरते. वेग बदलला की कमी होते. म्हणून एक रात्र बघा. दुसऱ्या रात्रीही तशीच असेल तर खोली बदलून मागा, दुरुस्तीची वाट बघू नका. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

शीळ

बाल्कनीच्या दारातून येते. दार पूर्ण बंद झालेलं नसतं, हँडल शेवटपर्यंत खाली दाबलेलं नसतं, किंवा रबर फाटलेलं असतं. हँडल नीट दाबूनही शीळ येत असेल तर रबर बदलून मागा. आणि बाल्कनीचं दार उघडं ठेवून खोलीचं दार उघडू नका. वारा असा घुसतो की दार हातातून सुटून आदळतं. बोटांना गंभीर इजा झालेली मी स्वतः पाहिली आहे.

कुजबुज, म्हणजे खाजगीपणाचा प्रश्न

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण आवाजाची तक्रार माणसं मोकळेपणी करतात, याची करत नाहीत. भाचीनेही केली नव्हती. तिसऱ्या दिवशी ताई हळूच फोनवर म्हणाली, "अरे, शेजारच्यांचं सगळं बोलणं ऐकू येतं. म्हणजे आमचंही त्यांना ऐकू जात असणार." भावोजींना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते मोठ्याने बोलतात. औषधांचं, पैशांचं, सुनेचं. दोन दिवस ती त्यांना गप्प करत होती आणि त्यामुळे दोघांची कुरबुर चालली होती. लग्नाच्या वाढदिवसाला आलेल्या माणसांवर ही वेळ यावी, याचं मला झोपेपेक्षा जास्त वाईट वाटलं.

तिला विचारलं, "भिंतीत एक दार आहे का, कुलूप लावलेलं, सोफ्यामागे?" होतं. दोन सुइट एकत्र कुटुंबाला देता यावेत म्हणून मध्ये जोडदार ठेवतात. कुलूप पक्कं असतं, पण दाराच्या खालची फट उघडी असते आणि बोलणं तिथूनच जातं. फटीत आंघोळीचा टॉवेल घट्ट गुंडाळून लावायचा. दाराचा पत्रा लोखंडी असतो, म्हणून चुंबकाचे हुक त्यावर चिकटतात. चार हुक आणि एक जाड ब्लँकेट, एवढ्याने बोलण्यातले शब्द कळेनासे होतात, नुसती गुणगुण उरते. चुंबकाचे हुक क्रॉफर्ड मार्केटात सहज मिळतात, बॅगेत टाकून ठेवा. कॉरिडॉरच्या मुख्य दाराच्या फटीत मात्र काही कोंबायचं नाही. आगीच्या वेळी ते दार एका धक्क्यात उघडलं पाहिजे.

दोन बाल्कन्यांमध्ये तर भिंतही नसते, नुसता पातळ फळीचा पडदा. त्याच्या खाली वीतभर आणि रेलिंगच्या बाजूला चार बोटं मोकळी. तिथलं बोलणं वारा शेजारी पोचवतो. काही बोटींवर हा पडदा चौकोनी किल्लीने उघडून दोन बाल्कन्या एक करता येतात. तो नीट लागलेला नसेल तर वाऱ्याने आपटतो, स्टुअर्डला कुलूप तपासायला सांगा.

दिसण्याचंही आहे. मागच्या टोकाच्या सुइटच्या बाल्कन्या बऱ्याचदा पायऱ्यांसारख्या असतात, वरच्या डेकवरून कोणी वाकलं की खालचं सगळं दिसतं. पुढच्या बाजूच्या बाल्कन्या ब्रिजच्या, म्हणजे कप्तान जिथून बोट चालवतो त्या खोलीच्या, बाहेर आलेल्या टोकातून दिसतात. धक्क्याला लागल्यावर गोदीतली माणसं समोरच असतात. आणि ज्या काचेतून दिवसा बाहेरून आत दिसत नाही, त्याच काचेतून रात्री दिवा लावला की आतलं सगळं दिसतं. अंधार पडायच्या आत पडदा ओढायची सवय ठेवा. आमच्या घरी आई तिन्हीसांजेला खिडकी लावायची, तसंच.

तक्रार कधी आणि कोणाकडे

पहिल्याच संध्याकाळी, बोट सुटल्यावर तासाभराने. त्या वेळी कोण आलं नाही, कुठली खोली रिकामी राहिली, हे त्यांना नक्की कळलेलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच खोली दुसऱ्याला गेलेली असते. सुइट रिकामा नसेल तर वेगळं मागा: सुइट आमच्याकडेच राहू द्या, रात्री झोपायला एखादी आतली केबिन द्या. हे अनेकांना सुचतच नाही.

रिसेप्शनवरच्या मुलीवर ओरडू नका, तिच्या हातात काही नसतं. हॉटेल मॅनेजरला भेटायचं आहे असं शांतपणे सांगा, कारण खोल्या, डेकची माणसं, थिएटर हे सगळं त्याच्या हाताखाली येतं. जाताना कागदावर तीन ओळी लिहून न्या: तारीख, वेळ, आवाज. मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं ॲप पुरावा म्हणून कच्चं असतं, पण आवाजाचं रेकॉर्डिंग उपयोगी पडतं, आणि तक्रार ईमेलवर असेल तर घरी परतल्यावर बोलायला आधार राहतो.

बोळे घालून झोपायचं असेल तर दोघांपैकी एकानेच घाला. धोक्याचा इशारा, सात छोटे भोंगे आणि एक लांब, कोणाच्या तरी कानापर्यंत लगेच पोचला पाहिजे.

पुढच्या वेळी, पैसे भरण्याआधी

डेक प्लॅन घ्या आणि तीन मजले एकमेकांवर ठेवून बघा: तुमचा, वरचा, खालचा. वर केबिन, खाली केबिन, दोन्ही बाजूंना केबिन, अशी जागा सर्वांत शांत. जोडदाराची खूण दोन खोल्यांमधल्या रेघेवर असते, छोटा त्रिकोण किंवा बाण. शेजारी रिकामा पांढरा चौकोन दिसला तर चौकशी करा. तिथे सहसा स्टुअर्डची पँट्री, ट्रॉल्यांची जागा किंवा लिफ्टची यंत्रं असतात. 'गॅरंटी' भावाने घेऊ नका, त्यात खोली कंपनी ठरवते.

चौथ्या सकाळी खुर्च्या सातनंतर हलल्या. सुपरवायझर स्वतः पावणेसहाला येऊन ताईच्या खोलीत उभा राहिला होता, आणि वर एका माणसाने त्याच्याच सांगण्यावरून एक खुर्ची ओढली तेव्हा तोच दचकला, असं भाचीने सांगितलं.

आता ऑक्टोबरसाठी ती सासू-सासऱ्यांची फेरी ठरवतेय. परवा तिने डेक प्लॅन पाठवला, एका सुइटभोवती लाल गोल करून. वर केबिन, खाली केबिन, जोडदार नाही. डाव्या हाताला मात्र पांढरा चौकोन. मी तिला दोन खोल्या उजवीकडे सरकायला सांगितलं.